निम्मं भिंतीवर, निम्मं रानात

वाळूक आमच्याकडं सहसा कुणी विकत घेत नाही. कापसात नाहीतर बाजरीत चार बिया टाकायच्या, वेल आपोआप पसरतात आणि खुरपायला आलेल्या बायका बांधावर बसून भाकरीबरोबर खातात. काकडीच्याच जातीचं, पण काकडीपेक्षा जाड, अंगावर हिरव्या रेघा, आणि पिकलं की वासावरून लांबूनच कळतं. माझ्या आईच्या रानातलं वाळूक जरा वेगळं होतं. आखूड, पोटाला फुगीर, चवीला आधी आंबट आणि मागून गोड. परतूरजवळचं ते रान नव्या रस्त्यात गेलं. माझा धाकटा भाऊ भागवत परतुरात राहायला गेला, त्यानं बी ठेवलं नाही. लग्न होऊन मी अंबडच्या बाजूला आले तेव्हा आईनं ओटीत बी घातलं होतं, म्हणून ते माझ्याकडं राहिलं. दुसरीकडं कुठं तसलं वाळूक मी पाहिलेलं नाही.

बी राखायची आईची एक रीत होती. पिकल्या वाळकाचं बी धुऊन वाळवायचं, ताज्या शेणात कालवायचं आणि त्या शेणाच्या तळहाताएवढ्या गोवऱ्या थापून गोठ्याच्या आतल्या भिंतीला चिकटवायच्या. शेणातल्या बियाला कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. पेरायच्या वेळी गोवरी फोडायची. पण सगळं बी एकदम रानात न्यायचं नाही. निम्मं रानात, निम्मं भिंतीवर. मी इतकी वर्षं तसंच करत आले.

यंदाही तसंच केलं. कापसात फवारण्या फार होतात म्हणून मी विहिरीजवळचा मोकळा तुकडा घेतला, तिथं दहा-बारा आळी करून बी टोकलं. चांगलं उगवलं. दोन-दोन पानं जमिनीवर आली आणि मी रोज सकाळी बघून यायला लागले.

आमच्या शेजारी आदिनाथचं रान आहे. त्यानं उन्हाळ्यात खरबूज लावलं होतं. तोडा संपला तशी सोयाबीन पेरायची घाई, म्हणून त्यानं ट्रॅक्टर लावून सगळे वेल वरच्यावर मोडून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आळ्यांवर गेले तर रोपांच्या पानांवर तांबडे भुंगे बसलेले. करडईच्या बियाएवढे, तकतकीत, दिसायला देखणे. पानात गोल गोल भोकं पाडून ठेवली होती. एका आळ्यात तर पानं संपून नुसते देठ उभे होते.

आदिनाथ बांधावर उभा राहून दात घासत होता.

"काकू, काय शोधून राह्यल्या?"

"तुझे भुंगे आलेत माझ्याकडं."

तो आळ्यांपाशी येऊन वाकला. "माझेच हाईत. खरबुजावर लई होते. आता तिथं खायला काय राह्यलं न्हाई, मंग पाहुणे म्हणून तुमच्याकडं आलेत."

"पाहुण्यानं जेवावं, ताट खाऊ नये."

"पंप आणू का? कापसाचं औषध हाय थोडं. जल्दी काम होईल."

मी नको म्हणाले. रोप दोन पानांचं, औषध कापसाच्या मापाचं. भुंग्याआधी रोपच जळालं असतं. मला आईचा उपाय ठाऊक होता. सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख धुरळायची. ओल्या पानाला राख चिकटते आणि मग भुंगा त्या पानाला तोंड लावत नाही.

घरी येऊन राख बघितली तर ओंजळभर निघाली. आता स्वयंपाक गॅसवर. चूल फक्त अंघोळीच्या पाण्याला, तीही नळाला ऊन पाणी येतं म्हणून उन्हाळ्यात बंद. माझी सून शीतल मला राख खरवडताना बघून म्हणाली, "आत्याबाई, भांडे घासायला साबण हाय की."

मी तिला रोपांचं सांगितलं. ती माझ्याबरोबर रानात आली. ओंजळभर राख सगळ्या आळ्यांना पुरवून पुरवून टाकली. टाकता टाकता तिनं विचारलं, "इतकं काय या वाळकात? बाजारात काकडी मिळती."

"हे आईचं हाय."

शीतल लाडसावंगीकडची, तिच्या माहेरी बी कंपनीच्या पुड्यातून येतं. माझा मुलगा कल्याण जालन्याच्या धान्याच्या मोंढ्यात कामाला आहे, आठवड्यानं घरी येतो. घर, म्हशी, नातीची शाळा, सगळं शीतलच बघते. वाळकाकडं लक्ष द्यायला तिला सवड कुठून असणार?

दोन दिवस भुंगे कमी दिसले. तिसऱ्या दिवशी पाऊस पडून राख धुऊन गेली आणि भुंगे परत आले. शीतलनं ते बघितलं. त्याच दिवशी मला डोळे तपासायला अंबडला जायचं होतं. एसटी लवकर होती. निघताना मी एवढंच म्हणाले, "राख पुरंना गं. कुणाच्या घरी मिळती का बघ."

परत आले तेव्हा ऊन कललं होतं. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धुरकट दिसत होतं. शीतल दारातच उभी होती, चेहरा उजळलेला.

"आत्याबाई, घमेलंभर राख करून ठेवली. चाळली बी. आता पाऊस येऊ द्या कितीबी."

मी घमेल्यात हात घातला. मऊ, पांढरी, पिठासारखी राख.

"कुणाकडून आणलीस?"

"कुणाकडं काय मागायचं. आपल्या गोठ्यात भिंतीवर बारक्या गोवऱ्या होत्या ना, त्या जाळल्या. खडखडीत वाळल्याल्या, बराबर पेटल्या. पण तडतडल्या लई. भडभुंज्याच्या भट्टीवानी. मी म्हणलं, म्हशीनं मका खाल्ला का काय."

मी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली आणि खाली बसले.

"काय झालं? घेरी येऊन राह्यली का? औषधानं होतं तसं, आमच्या काकालाबी झाल्तं."

"न्हाई. पाणी दे."

पाणी प्यायले आणि तिला सांगितलं, की त्या गोवऱ्यांत वाळकाचं बी होतं. तडतडत होतं ते तेच होतं.

घमेलं पुढ्यात ओढून तिनं दोन्ही हात राखेत घातले आणि चाचपून बघायला लागली. चाळणीवर राहिलेला कचरा तिनं परसात टाकला होता, तोही गोळा करून आणला. काळी, फुटलेली टरफलं निघाली. धड बी एकही नव्हतं. दिवेलागणीपर्यंत ती तिथंच बसून होती. नात शाळेतून येऊन दोनदा भूक लागली म्हणाली, तेव्हा मी उठून तिला पोळी दिली.

मला तिचा राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. पण तो राग घेऊन मी गोठ्यात गेले आणि रिकामी भिंत बघितली, तेव्हा भिंतीवर गोवऱ्यांचे गोल डाग दिसले. लग्न होऊन ती या घरात आली त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत त्या गोवऱ्या कशाच्या हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारायचं कारण नव्हतं. तिनं माझ्यासाठी राख केली होती. मागितलेल्यापेक्षा जास्त केली होती, वर चाळून ठेवली होती. चाळलेली राख पानाला नीट चिकटते, हे तिनं पहिल्याच दिवशी बघून ध्यानात घेतलं होतं.

बाहेर येऊन मी म्हणाले, "घमेलं झाकून ठेव. दव पडून ओली होईल. सकाळी लवकर जाऊ."

"त्याच राखंला हात लावायचा?"

"राखच हाय ती आता. रोपांच्या तरी कामाला येऊ दे."

सकाळी उजाडताना आम्ही दोघी आळ्यांवर गेलो. रानात पाचच रोपं धड होती. बाकीच्यांचे देठ. आईच्या वाळकाचं या जगात जे काही होतं ते त्या पाच रोपांत होतं, आणि त्यांवरही भुंगे बसलेले होते.

त्या वेळेला भुंगा गारठलेला असतो, उडत नाही. शीतलनं तांब्यात साबणाचं पाणी आणलं होतं. ती पानाखाली तांब्या धरायची आणि बोटानं पानाला टिचकी मारायची, भुंगे टपाटपा पाण्यात. हे तिला कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "डोक्यातल्या उवा अशाच काढत्यात. हळूच, नजर चुकवून." त्यानंतर मी राख धुरळली.

दुपारी कृषी सहायक आकांक्षा मॅडम आदिनाथचा दुसऱ्या तुकड्यातला कापूस बघायला आल्या होत्या. वयानं लहान, स्कूटीवरून फिरतात. शीतल धावत जाऊन त्यांना बोलावून घेऊन आली. मॅडम आळ्यापाशी चिखलात गुडघे टेकून बसल्या.

"आजी, हा भोपळ्यावरचा तांबडा भुंगेरा. भोपळा, काकडी, खरबूज, वाळूक, सगळ्यांवर येतो. राख चांगली, पण पावसात टिकत नाही. पाचच रोपं आहेत ना? मग झाकून टाका. बारीक जाळी, मच्छरदाणी, काहीही. कडा मातीत दाबा. दोन-तीन आठवडे वाचली की वेल एवढा वाढेल की भुंगेऱ्याला तो संपवता येणार नाही."

"आणि मंग?"

"मग फुलं आली की जाळी काढायची. बिलकुल विसरू नका. मधमाशी आत आली नाही तर फळ धरणार नाही." मग त्या पाठोपाठ आलेल्या आदिनाथकडं वळल्या. "आणि दादा, तुम्ही वेल वरच्यावर मोडलेत. अंडी, अळ्या सगळ्या त्याच मातीत आहेत. पेरायच्या आधी एकदा खोल नांगरा, उन्हात उघड्या पडू द्या."

"डिझेलचा खर्चा कोण देणार मॅडम?"

"पुढच्या वर्षी खरबूज लावणार ना? तेव्हा भुंगेरे फुकट येतील."

आदिनाथ हसला. पण दोन दिवसांनी उघडीप पडली तशी त्यानं नांगर घातला. मागं बगळ्यांची रांग लागली, उलटलेल्या मातीतून पांढऱ्या अळ्या वेचत. आमच्या पाच रोपांसाठी त्यानं नांगरलं असं मी म्हणणार नाही. तरी मी त्या दिवशी त्याला ताक आणि धपाटे नेऊन दिले.

मच्छरदाणी शीतलनं काढली. नातीच्या वेळी बाळंतपणाला गेली होती तेव्हा तिच्या आईनं घेतलेली, गुलाबी, कडेला झालर. मी म्हणाले, राहू दे, जुनं पातळ लावू. तिनं ऐकलं नाही. कात्रीनं तिचे पाच तुकडे केले. निर्गुडीच्या ओल्या फोका वाकवून प्रत्येक रोपावर कमान केली, वर जाळी ताणली आणि कडेनं माती दाबली. लांबून बघितलं की रानात पाच पाळणे मांडल्यासारखे दिसायचे. रस्त्यानं जाणारे विचारायचे. आदिनाथ सगळ्यांना सांगायचा, "काकूची नातवंडं निजलीत. हळू बोला."

भुंगे जाळीवर येऊन बसायचे आणि उडून जायचे. रोपं वाढायला लागली. तरी आठवड्याभरात एक रोप भर दुपारी मान टाकायला लागलं. पानं धड, जाळी धड, तरी सुकत होतं. शीतलनं बोटानं मुळाजवळची माती उकरली तर आत पिवळट पांढऱ्या बारीक अळ्या, मूळ कुरतडलेलं. मॅडमनी सांगितलं होतं, मोठा भुंगा पान खातो आणि त्याचं पिल्लू मूळ खातं. पहिल्या दिवसांतच कुणीतरी मातीत अंडी घालून गेलं असणार. ते रोप गेलं. शीतलनं ते मातीसकट उपटून पिशवीत घातलं, घरी आणून चुलीत टाकलं, आणि मग उरलेल्या चारही आळ्यांची माती दोन बोटं खोल हलवून बघितली. एका आळ्यात अळ्या सापडल्या, पण अजून मुळाला पोचायच्या होत्या.

"आत्याबाई, चार," ती म्हणाली. "चार बस्स हाईत. हाईत ना?"

"एक असला तरी बस्स हाय."

वेल जाळीत मावेनात तेव्हा पिवळी फुलं दिसली आणि जाळ्या काढल्या. मला आता भीती आदिनाथच्या कापसाची होती. त्याची फवारणी त्याच दिवसांत असते, आणि कापूस तो सकाळी फवारतो. वाळकाची फुलं उमलतात आणि मधमाश्या येतात तेही सकाळीच. मी त्याला सांगायला गेले. माझ्या चार वेलांसाठी त्यानं सगळं काम बदलावं असं म्हणायला मला संकोच वाटत होता.

मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "काकू, आमचं फवारणं आता दिवस बुडताना. शीतल वहिनी येऊन गेल्त्या काल. न्हाई म्हणायची सोय ठेवली न्हाई त्यांनी."

"काय म्हणाली?"

"म्हणल्या, भुंगे तुमचे होते, आता मधमाश्या आमच्या हाईत. त्यांना काय झालं तर तुमच्या दारात येऊन बसंन."

फळं धरली. शीतलनं प्रत्येक फळाखाली गव्हाचं काड घातलं, म्हणजे मातीतली अळी खालून फळात शिरत नाही. हेही मॅडमनीच सांगितलेलं. आता ती मला विचारत नव्हती, मीच तिला विचारायचे, आज काय बघितलंस.

पण वाळकाचं एक असतं. एखादा वेल कडू निघतो. वरून काही कळत नाही, खाल्ल्यावरच कळतं, आणि कडू वेलाचं बी धरलं तर पुढं सगळं कडूच. पहिलं फळ शीतलनं तोडलं, दात लावला आणि थुंकून टाकलं. कडूजहर. ती माझ्याकडं बघायला लागली. मी त्या वेलाच्या बुंध्याला लाल चिंधी बांधली, म्हणजे त्याचं बी कुणी धरणार नाही. उरलेल्या तीन वेलांवर एक एकच फळ टिकलं, ते बियासाठी राखलं होतं. ती पिकेपर्यंत तोडायची नव्हती. म्हणजे ती गोड का कडू, हे शेवटीच कळणार होतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला भागवत परतूरहून आला. दरवर्षी येतो, दरवर्षी पुरणात वेलची कमी म्हणतो. त्याच्या आदल्या दिवशी तीनही वाळकं पिवळी होऊन देठापाशी तडकली होती आणि घरभर वास सुटला होता. भागवतनं उंबऱ्यातच नाक वर केलं.

"अक्का, काय कापलंस?"

"अजून कापलं न्हाई. बस."

मी विळीवर पहिलं वाळूक उभं चिरलं. बी वाटीत काढलं, फोडी केल्या, मीठ-तिखट लावून ताटलीत त्याच्यापुढं ठेवल्या. शीतल भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. भागवतला राखेचं, भुंग्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. दुसरी उचलली, तिचं मीठ बोटानं पुसलं आणि मग खाल्ली.

"आई याला मीठ लावत नव्हती," तो म्हणाला. "तू कधीपास्नं लावाया लागलीस?"

कडू निघालं तर झाकावं म्हणून मी मीठ लावलं होतं. शीतलनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं.

"मामा, मंग गोड हाय?" तिनं विचारलं.

"आधी आंबट, मागून गोड. बांधावर बसल्यासारखं वाटलं." त्यानं ताटली स्वतःकडं ओढली. "बाकीची दोन कुठंत?"

बाकीची दोन चिरली. एकही कडू नव्हतं. तिन्हींचं बी मिळून परातीत काढलं. भागवत परातीकडं बघत राहिला आणि मग जरा खाली मान घालून म्हणाला, "अक्का, मला बी देतीस का? माझ्याकडं रान न्हाई आता. पण घराच्या मागं नळापाशी जागा हाय. दोन वेल तरी."

"शीतलला विचार," मी म्हणाले. "बी तिचं हाय."

शीतलनं आधी, माझं नाही, म्हणून मान हलवली. मग परातीपुढं बसली आणि बी मुठीमुठीनं वेगळं करायला लागली. एक मूठ आदिनाथ भाऊजींना. एक आकांक्षा मॅडमला. एक तिच्या माहेरी. भागवतची मूठ तिनं सगळ्यात शेवटी भरली, आणि हातात देण्याआधी मूठ मिटून धरली.

"मामा, घरी गेल्यावर धुऊन वाळवा. आणि एक सांगते. दोन पानं आली की रोज सकाळी जायचं, दव हाय तवर. ऊन पडल्यावर भुंगा हाती लागत न्हाई."

"मी लहानपणापास्नं वाळूक बघतोय पोरी."

"खात होतात. राखत होत्या त्या तुमच्या अक्का."

भागवतनं माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं हात पुढं केला. तिनं बी त्याच्या रुमालात ओतलं, स्वतः गाठ मारली, आणि पुरणाचं ताट आणायला आत गेली. मी परातीतलं उरलेलं बी धुवायला घेतलं. पाणी गार होतं आणि बी बोटांतून निसटत होतं, म्हणून मी सावकाश धूत होते. आतून शीतल भागवतला विचारत होती, पुरणात वेलची बरोबर आहे का. तो म्हणाला, यंदा बरोबर आहे.